जूडा का तालाब: बर्फातल्या तळ्याकाठी

उत्तराखंडातल्या केदारकंठा शिखराच्या वाटेवर जूडा का तालाब हे तळं लागतं. बहुतेक लोक तिथे एक रात्र तंबूत काढतात, सकाळी तळ्याचे फोटो घेतात आणि शिखराच्या मागे लागतात. आम्ही बेत उलटा आखला होता. तळ्यावर एक दिवस जास्तीचा राहायचं, काठाकाठाने निवांत फिरायचं आणि हवा बरी असली तर मग शिखर. दादा, वहिनी, त्यांची अकरावीतली मुलगी आणि मी, अशी आम्ही बोरिवलीची मंडळी. सह्याद्रीत पावसाळी भटकंती भरपूर केलेली. गुडघाभर बर्फात चालणं मात्र सगळ्यांनाच नवं.

तयारी घराजवळच झाली. डिसेंबरभर रविवारी पहाटे नॅशनल पार्कात शिरायचं, पाठीवर पाण्याच्या बाटल्यांनी भरलेली सॅक आणि कान्हेरीपर्यंत न थांबता चाल. या जंगलाच्या पोटात विहार आणि तुळशी हे दोन तलाव आहेत. विहार १८६० सालचा, तुळशी १८७९ सालचा. दोन्ही मुंबईला पाणी पुरवणारे, त्यामुळे त्यांच्या काठाने कुणालाही मोकळं फिरू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. पण ज्यांचं पाणी पीत लहानाचे मोठे झालो, त्या तळ्यांना कधी पायी वळसा घालता आला नाही, याची मला रुखरुख आहे. तळ्यावर एक दिवस जास्त हवा, हा माझा हट्ट तिथून आला.

शनिवार आणि रविवार: रेल्वे

संध्याकाळी बोरिवलीलाच राजधानी पकडली, सकाळी दिल्ली. तिथून जनशताब्दीने रात्री देहरादून. सहारनपूरच्या पुढे डब्यातही स्वेटर चढले. बाकी सांगण्यासारखं काही नाही. दोन्ही दिवस खाण्यात आणि झोपण्यात गेले.

सोमवार: देहरादून ते सांकरी

अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास, पण सगळा घाटरस्ता. उजाडायच्या आत निघालो तरी पोहोचेपर्यंत अंधार पडत आला होता. मसुरीवरून केम्प्टीला उतरलो आणि खाली यमुना लागली. नौगावपर्यंत तिची सोबत. पुरोल्याला खोरं एकदम रुंदावतं आणि दोन्ही बाजूंना भातखाचरं दिसतात. इथला लाल तांदूळ प्रसिद्ध आहे. रस्त्याकडेच्या ढाब्यावर त्याच भातावर राजमा वाढला. वहिनीने तिथेच विचारून दोन्हीची खरेदी परतीच्या वाटेवर करायचं ठरवून टाकलं.

मोरीला टोन्स नदी भेटते. ती यमुनेची उपनदी म्हणवते, पण जिथे दोघी मिळतात तिथे टोन्सचं पाणी यमुनेपेक्षा जास्त असतं. आणखी वर नैटवाडला रुपिन आणि सुपिन एकत्र येतात, टोन्स इथेच सुरू होते. दोन्ही प्रवाहांचे रंग वेगळे दिसतात का ते बघायला आम्ही पुलाजवळ खाली उतरलो. थंडीत पाणी कमी आणि नितळ होतं, तळचा गोटा न् गोटा दिसत होता.

नैटवाडलाच वनखात्याची चौकी आहे. नावं नोंदवायची, शुल्क भरायचं आणि मग गोविंद पशु विहारच्या हद्दीत प्रवेश. १९५५ साली हे अभयारण्य झालं, पुढे त्याच्या काही भागाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. नाव उत्तर प्रदेशचे पहिले मुख्यमंत्री गोविंद वल्लभ पंत यांचं. त्यांच्या घराण्याचं मूळ महाराष्ट्रातलं मानलं जातं, हे दादाने चौकीवरच्या माणसाला मोठ्या अभिमानाने सांगितलं. त्याने हसून आमच्या पावतीवर शिक्का मारला.

सांकरी हे चढाईच्या पायथ्याचं गाव, साडेसहा हजार फुटांच्या जरा खाली. नव्या हॉटेलांच्या मागे जुनी घरं अजून उभी आहेत. देवदाराच्या जाड तुळया आणि दगड यांचे एकाआड एक थर रचून बांधलेली. या भागातल्या बांधकामाची ही जुनी रीत; भूकंपात अशी घरं हलतात पण सहसा कोसळत नाहीत. एका घराच्या कोपऱ्यात तुळयांची टोकं एकमेकींत अडकवलेली होती, मला कुठे खिळा दिसला नाही. मी बराच वेळ त्या कोपऱ्यावरून हात फिरवत उभी होते.

रात्री गाईड आला. तिशीतला, शेजारच्याच गावचा, आम्ही त्याला भाईजी म्हणायला लागलो. त्याने प्रत्येकाची सॅक उघडायला लावली आणि सुती कपडे बाजूला काढले. टी-शर्ट, मोजे, वहिनीची आवडती ओढणीसुद्धा. चढताना घाम येतो, सुती कापड तो पिऊन बसतं, थंडीत वाळत नाही, आणि थांबलं की तेच ओलं कापड अंगातली ऊब ओढून घेतं. त्याऐवजी थर्मल, त्यावर लोकर किंवा फ्लीस, वर वारा अडवणारं जॅकेट. बुटांवर चढवायचे मायक्रोस्पाइक आणि पोटरीला बांधायचे गेटर भाड्याने मिळाले. आकाशाकडे बघून तो म्हणाला, “कल रात गिरेगी.” कोण पडणार ते विचारायची गरज नव्हती.

मंगळवार: सांकरी ते तळं

गावामागून वाट लगेच चढाला लागते. आधी पायऱ्यांची शेतं, मग जंगल. खाली चीड (पाइन) आणि देवदार, वर गेलं की बांज आणि खरसू हे ओक, आणि बुरांस म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉन. बुरांसाची पानं थंडीने सुरळीसारखी गुंडाळून खाली लोंबत होती. फुलं यायला अजून वेळ होता, पण कळ्या धरलेल्या होत्या.

तासाभराने वाटेवर बर्फ सुरू झाला आणि मला वाटलं होतं त्याहून तो फार वेगळा निघाला. बर्फ हा एकच पदार्थ नसतो. सावलीतला, खेचरांच्या आणि माणसांच्या पायांनी दाबला गेलेला, काचेसारखा कडक. त्यावर मायक्रोस्पाइकशिवाय उभंही राहता येत नाही. उन्हातला, वरून ओलसर आणि आतून पोकळ. आणि झाडाच्या बुंध्याभोवतीचा तर सरळ फसवा. फांद्यांमुळे बुंध्याशी बर्फ कमी पडतो, भोवती मात्र ढीग साचतो, त्यामुळे खोडाला लागून खड्डा तयार होतो आणि वरून तो कळत नाही. भाईजीने काठी खुपसून दाखवलं. काठी मुठीपर्यंत आत गेली. त्यानंतर टेकायला म्हणून झाडाकडे कुणी गेलं नाही.

चालायची रीतही शिकवली. चढताना बुटाचं टोक बर्फात ठोकून पायरी करायची, उतरताना आधी टाच रोवायची, आणि पुढच्याच्या पाऊलखुणेतच पाऊल टाकायचं. सह्याद्रीत आपण दगडावरून दगडावर उड्या मारत उतरतो, ती सवय इथे अंगाशी येते. भाचीने मात्र तासाभरात लय पकडली आणि दादाला मागे टाकून गेली.

दुपारी तळ्याजवळ पोहोचलो. उंची सुमारे ९,१०० फूट. तंबू तळ्यापासून जरा अंतरावर, झाडांच्या आडोशाला लावले होते. तळं छोटंसं, चहूबाजूंनी उंच झाडांनी वेढलेलं, आणि पूर्ण गोठलेलं. इथे महादेवाने जटा मोकळ्या केल्या, तेव्हा पाणी सांडून तळं झालं, असं इथले लोक सांगतात. केदारकंठ्याचीही अशीच गोष्ट आहे: महादेव तिथे तपाला बसले होते, गायीच्या गळ्यातल्या घंटेने समाधी मोडली आणि ते उठून केदारनाथला गेले.

स्वयंपाकाच्या तंबूत बसायला मिळालं की मला फार आनंद होतो. डाळीला कुकर लावलेला होता. या उंचीवर पाणी ९१ अंशांच्या आसपासच उकळायला लागतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात डाळ तासन्‌तास शिजत ठेवली तरी दाणा कचकचीत राहतो. प्यायचं पाणी एका बारीक झऱ्यावरून येत होतं. तो गोठला तर बर्फ वितळवावा लागतो, आणि ताज्या भुसभुशीत बर्फाची दहा भांडी वितळवली की जेमतेम एक भांडं पाणी हाती येतं. त्याला जाळावा लागणारा गॅस खेचरांच्या पाठीवरून वर चढतो. हे कळल्यावर कुणी हात धुवायला गरम पाणी मागितलं नाही.

झोपण्याआधी गरम पाण्याची बाटली मोज्यात घालून स्लीपिंग बॅगमध्ये पायाशी ठेवली. उशाशी मोबाइल, बॅटऱ्या आणि सकाळी घालायचे हातमोजे. हे सगळं अंगाजवळ नसलं तर सकाळी बॅटरी मेलेली आणि हातमोजे कडक झालेले असतात.

रात्री तळ्याकडून आवाज आला. आधी एक लांबट कण्हल्यासारखा, मग चाबूक ओढावा तसा कडाका. भाची उठून बसली, “आत्या, काय फुटलं?” थंडी वाढली की तळ्यावरचा बर्फाचा थर आक्रसतो, त्याला तडे जातात आणि तो आवाज सगळ्या थरातून घुमत जातो. मी हे वाचलेलं होतं, पण काळोखात, जमिनीवर पडून ऐकताना छातीत धस्स झालंच. मग बर्फ पडायला लागला. तंबूच्या कापडावर इतकी हलकी टपटप की पाऊस नाही हे लगेच कळावं. मध्यरात्रीनंतर भाईजी बाहेर फिरत होता. प्रत्येक तंबूवर बाहेरून थापा मारून साचलेला बर्फ खाली पाडत होता. नाहीतर वजनाने तंबू बसतात.

बुधवार: तळ्याकाठी

सकाळी चेन उघडली तर बाहेर आमच्या पाऊलखुणा नाहीत, वाट नाही, काल ज्या ओंडक्यावर बसलो तो ओंडकाही नाही. ढग नऊच्या सुमारास फाटले.

हा बर्फ कुठून येतो, त्याबद्दल मला सांगायचंच आहे. आपला पाऊस नैऋत्येकडून येतो, हिमालयातला हिवाळी बर्फ मात्र पश्चिमेकडून, भूमध्य समुद्राच्या बाजूने सरकत येणाऱ्या पश्चिमी झंझावातांबरोबर. पंजाब-हरियाणातल्या गव्हाला हिवाळ्यात जो पाऊस लागतो तोही हेच आणतात. झंझावात पुढे सरकला की मागून उत्तरेचे कोरडे वारे सुटतात आणि कधीकधी ते पार मुंबईपर्यंत पोहोचतात. मुंबईत आपण दोन-चार दिवस पंखे बंद करतो ते त्यामुळेच. सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ रोजी पारा ७.४ अंशांपर्यंत उतरला होता, तो आजवरचा नीचांक. त्या सकाळच्या आठवणी आजी सांगायची, शेगडीभोवती सगळं घर बसलं होतं म्हणून. जानेवारीत बोरिवलीला जी थंडी मी लहानपणापासून अनुभवते, तिचा उगम अशाच एखाद्या रात्रीत असतो, हे तिथे उभं राहून जाणवलं तेव्हा मला खूप बरं वाटलं.

तळ्याला वळसा घालायला निघालो. उन्हाळ्यात चहा पिऊन होईपर्यंत फेरी होते, असं भाईजी म्हणाला. आम्हाला अख्खी सकाळ लागली. पुढचा माणूस वाट फोडतो, म्हणजे मांडीपर्यंत रुतत, गुडघ्याने ढकलत चर पाडतो. मागचे त्या चरातून येतात. दहा-पंधरा मिनिटांत पुढच्याचा दम निघतो, मग तो बाजूला होऊन शेवटी लागतो आणि दुसरा पुढे येतो. वहिनीने आपली पाळी कुणाला दिली नाही. ताजा बर्फ आवाज गिळतो, त्यामुळे चार पावलांवरच्या माणसाशीही मोठ्याने बोलावं लागत होतं.

थराखाली नक्की काय आहे ते दाखवायला भाईजीने काठावर, उथळ जागी, हातमोज्याने बर्फ बाजूला केला. खाली काळसर काच. तिच्यात पांढरे बुडबुडे एकावर एक, चकत्या रचल्यासारखे अडकलेले, आणि वीतभर खोल खरसूचं एक पान, शिरा न् शिरा दिसत असलेलं. बुडबुडे तळच्या गाळातून वर येतात आणि वाटेतच गोठलेल्या थरात अडकतात. पान बहुधा बर्फ धरायच्या वेळी पाण्यावर पडलं असावं. आम्ही चौघंही पालथं पडून बघत होतो.

“आत्या, खालपर्यंत गोठलंय का सगळं?” भाचीने विचारलं. तसं होत नाही. पाणी सगळ्यांत जड असतं ४ अंशांना. त्याहून गार झालं की ते पुन्हा हलकं होऊन वर राहतं, म्हणून गोठायला सुरुवात वरून होते. बर्फ पाण्यापेक्षा हलका, तो तरंगतो आणि खालच्या पाण्याला थंडीपासून झाकतो. वर हिम साचलं की आणखी एक पांघरूण. तळाशी पाणी तसंच राहतं आणि त्यात जे जीव असतात तेही तगतात. पण याच पांघरुणामुळे बर्फाचा थर जाड होत नाही. वर फूटभर हिम दिसतं म्हणून खालचा थर भक्कम, असं मुळीच नाही. झरा जिथे तळ्यात उतरतो तिथे तो पातळच असतो. भाईजीने आम्हाला एकदाही तळ्यावर पाय ठेवू दिला नाही. दुसऱ्या एका गटातली मुलं मधोमध उभी राहून फोटो काढत होती, त्यांनाही त्याने हाक मारून बाहेर काढलं. मला हे त्याचं फार पटलं.

पलीकडच्या काठावर ठशांची एक ओळ होती. सरळ, एकापुढे एक, तळ्याच्या कडेने गेलेली. कोल्ह्याचे. ताज्या बर्फात मागचा पाय पुढच्याच्या खुणेत पडतो, म्हणून दोनच पायांवर कुणी चाललंय असं वाटतं. एका ठिकाणी ओळ थांबली होती, तिथे बर्फ उकरलेला, आणि शेजारी एवढ्याशा उंदराच्या पावलांची बारीक नक्षी संपलेली. काय घडलं ते स्पष्ट होतं. आमच्या नॅशनल पार्कात पावसाळ्यानंतरच्या चिखलात बिबट्याचे ठसे बघायला मिळतात, पण पावलापावलाने अशी पूर्ण हकिगत चिखल कधी सांगत नाही.

दुपारी ऊन चढलं तसा बर्फ बदलला. सकाळी भगरीच्या दाण्यांसारखा सुटा होता, आता मुठीत वळायला लागला. देवदारांवरून ढीगच्या ढीग सुटून धप्पकन खाली येत होते. चष्मा काढायची सक्त मनाई होती. ताजा बर्फ सूर्याची अतिनील किरणं ८० टक्क्यांपर्यंत परतवतो आणि चष्म्याशिवाय राहिलं तर काही तासांनी डोळे सुजून उघडेनासे होतात. हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या आतल्या कडेलाही क्रीम लावायला लागलं, कारण ऊन खालूनही लागतं.

संध्याकाळी आमच्या तंबूंच्या मागे एक जुनी कचऱ्याची जागा उघडी पडलेली दिसली. नूडल्सच्या पुड्या, फुटलेल्या बाटल्या, एक बूट. या थंडीत काहीच लवकर कुजत नाही. वसंतात बर्फ वितळला की ते सगळं उतारावरून तळ्याच्या दिशेने जाणार. दादा आणि भाची पोतं घेऊन गेले आणि अंधार पडेपर्यंत वेचत राहिले. खेचरवाल्याने ते पोतं खाली न्यायचे पैसे घेतले नाहीत.

गुरुवार: केदारकंठा बेस

एक जास्तीचा दिवस ठेवल्याचा फायदा आज कळला. पडल्या पडल्या नवा बर्फ जुन्या थरावर सुटा असतो, उतारावर तो घसरायची भीती जास्त. बुधवारच्या उन्हाने आणि रात्रीच्या गारठ्याने तो बराच बसला होता. आमच्या पुढच्या दोन गटांनी वाटही मळून ठेवलेली. झाडं हळूहळू विरळ होत गेली आणि उघडं बुग्याल, म्हणजे डोंगरावरचं गवताळ कुरण, सुरू झालं. मेंढपाळांची एक छानी, म्हणजे झोपडी, छपरापर्यंत पुरलेली होती. फक्त ओळखू येण्यापुरती तिची कड दिसत होती. बेसला साडेअकरा हजार फुटांच्या जवळपास होतो. दादाचं डोकं दुखायला लागलं. भाईजीने त्याला झोपू दिलं नाही, पाणी पाजत राहिला, हळूहळू फिरवत राहिला. रात्री त्याला भूक लागली तेव्हा आम्हाला हायसं वाटलं.

शुक्रवार: शिखर

पहाटे तीनला निघालो. इतक्या लवकर का, तर रात्री कडक झालेला बर्फ उन्हं चढेपर्यंतच धरून ठेवतो. उतरायच्या वेळी तो मऊ पडला तर दर पावलाला कमरेपर्यंत जायला होतं. कपाळावरच्या दिव्यात पुढच्याच्या टाचा तेवढ्या दिसत होत्या. शेवटचा चढ खडा आहे, तिथे भाईजीने बर्फात पायऱ्या कापल्या. १२,५०० फुटांवर उजाडलं. समोर स्वर्गारोहिणी, बंदरपूंछ आणि काळानाग. माथ्यावर दगडांची रास, त्रिशूळ आणि घंटा. वहिनी रडली. वारा इतका होता की पंधरा-वीस मिनिटांच्या वर थांबता आलं नाही.

उतरताना नेहमीची वाट न धरता आम्ही परत तळ्यावरूनच यायचं ठरवलं. दोन दिवसांत तळ्याचा रंग बदललेला होता. वाऱ्याने मधलं हिम उडवून नेलं होतं आणि काळा बर्फ लांबट पट्ट्यांनी उघडा पडला होता. तिथेच मुक्काम करून शनिवारी सांकरी, तिथून देहरादून. पुरोल्याला राजमा आणि लाल तांदूळ घेतले.

कुणाला जायचं असेल तर थोडं सांगते. बर्फ दाट हवा तर डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ धरा. वर्षअखेरीला गर्दी फार असते, ती टाळा. बूट नवे असतील तर आधी महिनाभर मुंबईत घालून चाला. कान्हेरीच्या पायऱ्या त्यासाठी उत्तम. चालताना दम लागून नुसतं थकल्यासारखं वाटणं वेगळं आणि डोकं दुखून मळमळणं वेगळं. दुसरं झालं तर गाईडला लगेच सांगा, लपवू नका. आणि तळ्यावर एक दिवस जास्तीचा राहायचं असेल तर ते बुकिंग करतानाच बोलून घ्या, कारण शिधा, गॅस आणि खेचरं त्या हिशेबाने सांकरीहूनच वर चढवावी लागतात. वर पोहोचल्यावर सांगून ते जमत नाही.